आमच्या ओपीडीच्या सिस्टरांना

प्रिय सिस्टर,

पेढे द्यायला आलो तेव्हा तुमची ड्युटी बदलत होती. बोलणं राहूनच गेलं, म्हणून हे चारचौघांत लिहिते.

माझा रक्तगट ओ निगेटिव्ह, ह्यांचा बी पॉझिटिव्ह. रिपोर्ट आला आणि मखमलाबादच्या आमच्या घरात एकच घोषा सुरू झाला: पत्रिकेत एकनाड होती, तरी लग्न लावलं! सासूबाईंनी ते तुमच्यासमोरही काढलं. तुम्ही हसला नाहीत की चिडला नाहीत. "आई, नाडीचा आणि रक्तगटाचा काही संबंध नाही," म्हणालात आणि बाहेर एवढी रांग असताना केसपेपरच्या मागे लाल-निळ्या पेनाने काढून दाखवलंत. बाळ वडिलांसारखं पॉझिटिव्ह निघालं, तर बाळंतपणात त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळू शकतं. आईचं शरीर त्याला परकं समजून अँटिबॉडीज तयार करतं. त्याला वेळ लागतो, म्हणून पहिलं बाळ बहुधा सुटतं. पुढचं पॉझिटिव्ह असेल तर त्याच अँटिबॉडीज वारेतून जाऊन त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. मग पोटातच रक्त कमी होणं, जन्मल्यावर जोराची कावीळ.

नंतर सासूबाईंना गोळ्या आणायला धाडून हळूच विचारलंत, "आधी कधी राहिलं होतं का? दोन महिन्यांचं पडलं असलं तरी सांग." राहिलं होतं, आणि पडतानाही असं रक्त मिसळू शकतं. तेव्हा दुसऱ्या दवाखान्यात अँटी-डीचं, म्हणजे या अँटिबॉडीज तयारच होऊ न देणाऱ्या इंजेक्शनचं, कुणी नावही काढलं नव्हतं. तुम्ही डॉक्टरांना सांगून त्याच दिवशी इनडायरेक्ट कूम्ब्ज टेस्टसाठी रक्त काढून घेतलंत. निगेटिव्ह आली, म्हणजे अँटिबॉडीज नव्हत्या. एकदा त्या तयार झाल्या की अँटी-डी देऊन काही उपयोग नसतो, हे कळल्यावर अंगावर काटाच आला.

28व्या आठवड्यात एक इंजेक्शन झालं. नाळेच्या रक्तातून मुलगी पॉझिटिव्ह असल्याचं कळलं आणि 72 तासांच्या आत दुसरं, 300 मायक्रोग्रॅमचं. ह्यांनी मेडिकलमधून बर्फात ठेवून आणलं होतं, तरी तुम्ही खोकं उघडून आधी बर्फ चाचपलात, मग एक्स्पायरी वाचलीत. त्या घाईतही!

आता नणंदेला तिसरा महिना आहे, तिचाही गट निगेटिव्ह. सोमवारी तिला तुमच्याकडे आणतोय. जावयांचा रक्तगट तपासून घ्या, असा सासूबाईंनी फोन केलाय आणि फाईल त्याच घेऊन येणार आहेत.

तुमची,
ओ निगेटिव्हवाली