पिकअपची शर्यत पोरखेळ नव्हे

अमेरिकेतील ड्रॅग रेसिंगवरचा, म्हणजे सरळ रस्त्यावर दोन गाड्यांत होणाऱ्या छोट्या अंतराच्या शर्यतीवरचा, रविवार पुरवणीतील लेख वाचला. अवजड डिझेल पिकअप वेगवान मोटारी-मोटरसायकलींसमोर उतरवणे हा ‘पोरखेळ’ आहे, हे मत पटले नाही. तिथल्या ‘ब्रॅकेट रेसिंग’मध्ये पाव मैलाला, म्हणजे सुमारे ४०२ मीटरला, लागणारा वेळ प्रत्येक स्पर्धक आधीच जाहीर करतो. पिकअपने १४ सेकंद आणि मोटरसायकलने १० सेकंद सांगितले, तर पिकअपला चार सेकंद आधी हिरवा दिवा मिळतो. जाहीर वेळेपेक्षा लवकर पोचणारा सहसा बाद ठरतो. त्यामुळे कस लागतो तो चालकाच्या तत्परतेचा आणि गाडीच्या सातत्याचा. सुटतानाच टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या यंत्रणेचा, दाब नेमका साधणे ही तर डिझेलवाल्याची खरी कसरत. लेखात तिचा उल्लेखही नाही. काळ्या धुराबद्दलची लेखकाची तक्रार मात्र रास्त आहे.

– एक वाचक, नाशिक