सर्व्हे नंबर ४२/२ म्हणजेच गट नंबर ३१८: कायदामंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय कायदा व न्यायमंत्री यांस,
स.न.वि.वि.

गेल्या मंगळवारी तहसील कचेरीतून माझ्या जमीनवाटपाचा कोर्टाचा हुकूमनामा परत आला. वर निळ्या शाईत शेरा: ‘सदर सर्व्हे नंबर अभिलेखात आढळून येत नाही.’ अठरा वर्षं भांडून मिळवलेली जमीन आढळत नाही! बांधावरची चिंच आढळते. भाऊ तिथला ऊस दरसाल कारखान्याला घालतो, तोही आढळतो.

२००५ साली कायदा बदलला, वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलाइतका वाटा आला. २००६ ला दावा लावला तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांची, शाळेत शिकवत होते. आता कोर्टाचा जिना कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत उतरते. वडील आधीच वारले असतील तर मुलीला वाटा मिळतो का, हा वाद सर्वोच्च न्यायालयानं २०२० ला मिटवला. तोवर आमचा दावा कपाटात. मध्ये थोरला भाऊ गेला, त्याचे वारस लावण्यात दोन वर्षं गेली.

आणि आता हे. आजोबांच्या खरेदीखतात सर्व्हे नंबर ४२/२. पुढे सरकारनं जमिनींचं एकत्रीकरण केलं, त्यात त्याचा गट नंबर ३१८ झाला. वकिलांनी दाव्यात जुना नंबर घातला, कोर्टानं तोच हुकूमनाम्यात उतरवला. शिवाय फेरफारात माझं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. सरकारी संगणकाच्या लेखी आम्ही दोन बायका.

माझी मुलगी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती म्हणाली, “आई, याला ऑन्टॉलॉजी लागते.” म्हणजे काय, तर हा सर्व्हे नंबर म्हणजेच तो गट, ही वादी म्हणजे अमक्याची मुलगी, वाटपाचा हुकूमनामा झाला की कागद कलेक्टरकडे, ही नाती यंत्राला कळतील अशी एकदाच लिहून ठेवायची. मग नंबर जुळत नसला तर दावा दाखल होतानाच यंत्र बोंब मारेल. आमचे जुने तलाठीभाऊसाहेब हे सगळं डोक्यात ठेवायचे. ते रिटायर झाले, ऑन्टॉलॉजी त्यांच्याबरोबर घरी गेली.

कोर्टं संगणकावर आणायच्या ई-कोर्ट योजनेच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ मध्ये तुम्ही ७,२१० कोटी मंजूर केलेत. त्यातले दोन हजार कोटींच्या वर जुने कागद स्कॅन करून जपायला, एआय वगैरे पुढच्या तंत्रज्ञानाला ५३ कोटी. स्कॅन म्हणजे फोटो हो साहेब! चुकलेला नंबर फोटोत चुकलेलाच दिसतो. खटल्याला ओळख म्हणून सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर, जमिनीला चौदा अक्षर-अंकांचा भू-आधार. दोघांची ओळख कोण करून देणार, मी?

आफ्रिकेतल्या संसदांसाठी संयुक्त राष्ट्रांनी कायद्याचे कागद यंत्राला समजावेत म्हणून ‘अकोमा न्तोसो’ नावाची पद्धत काढली. घानाकडच्या भाषेत त्याचा अर्थ जोडलेली हृदयं. आमची हृदयं राहू द्या, दोन नंबर जोडा.

तहसीलवाले म्हणतात कोर्टाचा विषय, कोर्टाचा कारकून म्हणतो महसूलचा, तुम्ही म्हणाल हायकोर्टाचा. खालच्या कोर्टांत चार कोटींच्या वर प्रकरणं तुंबलीत, पाच म्हणा. त्यात जमिनीची किती असतील! आमच्या कोर्टाच्या व्हरांड्यात बसून मला तरी जमिनीचीच दिसली. मतदार यादीत मात्र माझं नाव बरोबर सापडतं, दर पाच वर्षांनी.

आता हुकूमनामा दुरुस्तीचा अर्ज. वकिलांची फी वेगळी. तारीख पुढच्या महिन्यातली मिळालीय, तोवर भावाचा ऊस तुटून जाईल.

आपली,
एक वादी
(माहेरचं नाव लिहू की सासरचं?)