शिबिरातले एका संध्याकाळचे जेवण मुलांनाच शिजवू द्या

महोदय,

नाताळच्या सुट्टीतल्या निवासी शिबिरांची नोंदणी ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळा, गृहसंकुले व गिर्यारोहण मंडळांकडे सध्या सुरू आहे. शहापूर, मुरबाड, कर्जत या भागांत दोन-तीन दिवस राहायला जाणाऱ्या मुलांना तंबू उभारणे, दोराच्या साहाय्याने उतरणे, आकाशदर्शन असे पुष्कळ काही शिकायला मिळते. जेवण मात्र बऱ्याच ठिकाणी केटररच्या डब्यांतून येते, नाहीतर उकळत्या पाण्यात नूडल्स सोडून वेळ मारून नेली जाते. शिबिरांतल्या स्वयंपाकाची जबाबदारी घेणारी कार्यकर्ती म्हणून माझी सर्व संयोजकांना आग्रहाची विनंती आहे, की निदान एका संध्याकाळचे जेवण मुलांनी स्वतः आणि एकाच पातेल्यात शिजवावे.

एकाच पातेल्याचा आग्रह धरण्यामागे कारण आहे. पोळी, भाजी, आमटी, भात असा चारीठाव स्वयंपाक काढला, की तो मोठ्यांच्या हातात जातो आणि मुले ताट घेऊन रांगेत उभी राहतात. त्याऐवजी मुगाची डाळ आणि भाज्या एकत्र शिजवून दाटसर रस्सा केला व सोबत पाव दिले, तर एका विस्तवावर सगळ्यांचे पोट भरते. पंचवीस मुलांसाठी दीड किलो मूगडाळ, निवडून-चिरून चार किलो भाज्या आणि आठ लिटर पाणी एवढे साहित्य पुरते. पातेले मात्र वीस लिटरचे, जाड बुडाचे आणि झाकणाचे असावे. मीठ आधी शंभर ग्रॅमच घालावे आणि उरलेले शेवटी चव पाहून वाढवावे, कारण एवढ्या मोठ्या पातेल्यात खारट झालेले निस्तरणे फार अवघड जाते. आठ लिटर पाण्याला आधण यायलाच अर्धा-पाऊण तास लागतो. हा वेळ हिशेबात न धरल्यामुळेच शिबिरातले जेवण रात्री नऊवर जाते आणि लहान मुले उपाशीपोटी पेंगू लागतात.

जिन्नस घालण्याच्या क्रमालाही महत्त्व आहे. त्याच पातेल्यात तेलावर मोहरी, जिरे, हिंग, हळद यांची फोडणी करून त्यावर पाणी ओतावे आणि आधण आल्यावर धुतलेली डाळ वैरावी. वर येणारा फेस काढून टाकावा. दहा मिनिटांनी फरसबी आणि मटार, त्यानंतर दुधी आणि सर्वांत शेवटी लाल भोपळ्याच्या फोडी घालाव्यात. भोपळा विरघळला, की रस्सा आपोआप मिळून येतो. टोमॅटो आणि आमसूल मात्र डाळ पूर्ण शिजल्याशिवाय घालू नये, कारण आंबटामुळे डाळ आणि भाज्या मऊ व्हायला वेळ लागतो. डाळ शिजली की नाही, हे मुलांना घड्याळावरून सांगू नये. डावाने दोन दाणे वाटीत काढून, निवल्यावर बोटांनी दाबायला द्यावेत. आत पांढरा ठिपका दिसला, तर अजून वेळ आहे आणि दाणा सरळ पसरला, तर टोमॅटोची वेळ झाली, हे पाचवीतल्या मुलालाही एकदा पाहून कळते. पुढे ते मूल कोणी न सांगता पातेल्याच्या तळापर्यंत डाव फिरवू लागते आणि खाली लागू देत नाही. गडावर मुक्काम असेल, तर थोडा जास्त वेळ धरावा, कारण दर तीनशे मीटर उंचीला पाणी सुमारे एक अंश कमी तापमानाला उकळते.

आपल्या शहरांतल्या कोणत्याही शिबिरात सर्व प्रकारच्या घरांतली मुले असतात. कोणाकडे कांदा-लसूण चालत नाही, जैन मुले बटाटा-गाजरही खात नाहीत, एखाद्याला शेंगदाण्याची अॅलर्जी असते. म्हणून मूळ पातेले कांदा, लसूण आणि कंदमुळांशिवाय ठेवावे, लसणीची फोडणी छोट्या कढल्यात वेगळी करावी व दाण्याचे कूट तर शिबिरात आणूच नये. म्हणजे सगळी मुले एकाच पंगतीला, एकाच पातेल्यातले जेवतील. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्यांचाही विचार हवा. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा चिराचिरी तीन वाजताच सुरू करावी, म्हणजे भांडी घासणे आणि आवराआवरही उजेडात होते.

विस्तवाबाबत मात्र तडजोड नको. ठाण्यालगतचा येऊरचा परिसर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात वणव्याचा धोका होईल असा विस्तव पेटवणे गुन्हा आहे. शिबिराची मजा म्हणून वनहद्दीत तीन दगड मांडून चूल पेटवणे हे मुलांना चुकीचे शिकवणे आहे. जिथे परवानगी आहे अशा खाजगी जागेत, सपाट जमिनीवर, पाच किलोच्या सिलिंडरवर स्वयंपाक करावा आणि पाण्याची भरलेली बादली शेजारी ठेवावी. उरलेले अन्न झाडीत फेकू नये. त्यावर भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबटे वस्तीजवळ येतात.

मुलांना भाजेल, कापेल ही पालकांची भीती मी ऐकलेली आहे आणि ती रास्त आहे. तिचे उत्तर कामाच्या वाटणीत आहे. १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर झालेल्या, स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांच्या पहिल्या शिबिरात मुलांच्या लहान तुकड्या केल्या होत्या. तीच पद्धत इथेही उपयोगी पडते. लहानांनी मटार सोलावेत, डाळ निवडून धुवावी. मोठ्यांनी भाज्या चिराव्यात, पातेले ढवळावे. फोडणी देणे आणि भरलेले पातेले उतरवणे ही कामे केवळ मोठ्या माणसांची. विस्तवाजवळ सुती कपडेच असावेत, नायलॉनचे जॅकेट काढून ठेवायला लावावे. भाजलेच, तर टूथपेस्ट न लावता ती जागा सुमारे वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावी आणि मग डॉक्टरांकडे न्यावे.

शाळांना हे एकदम शिबिरात करणे जड वाटत असेल, तर आधी एखाद्या शनिवारी शाळेच्या पटांगणात याच मापाने रस्सा करून पाहावा. पालकांनीही शिबिराचे शुल्क भरताना संध्याकाळचे जेवण कोण शिजवणार आहे, हे संयोजकांना जरूर विचारावे.

— शिबिरांतील एक कार्यकर्ती, नौपाडा, ठाणे