मैफलींच्या तिकिटांवरील करमुक्तीची मर्यादा वाढवा

पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३मध्ये पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव बेताच्या मिळकतीच्या रसिकांनीही मोठा केला. खुर्ची परवडत नसेल, तर भारतीय बैठकीवर दाटीवाटीने बसून ऐकायचे! ही सोय टिकली, याचे मला फार मोल वाटते. मात्र शहरातल्या अन्य मैफलींची तिकिटे आता सहज हजारांत जातात. घरभाडे, गॅस, मुलांची फी भागवल्यावर चौघांनी मिळून गाणे ऐकायला जाणे कठीण झाले आहे.

यात सरकारला करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. संगीताच्या कार्यक्रमाचे तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल, तर त्यावर जीएसटी नाही. त्यापुढे मात्र संपूर्ण रकमेवर १८ टक्के. म्हणजे ६०० रुपयांच्या तिकिटावर १०८ रुपये कर! ही मर्यादा जानेवारी २०१८मध्ये २५० वरून ५०० रुपये झाली. त्यानंतर सभागृहाचे भाडे, ध्वनियंत्रणा, कलाकारांचा प्रवास, सगळेच महागले. छोट्या संस्थांनी तिकीट ५०० रुपयांत बसवायचे तरी कसे? नाटकालाही हीच मर्यादा लागू असल्याने रंगकर्मींचाही हा प्रश्न आहे.

जीएसटी परिषदेने ही मर्यादा किमान १००० रुपये करावी आणि राज्याच्या अर्थमंत्र्यांनी तसा आग्रह धरावा. आयोजकांनीही संगीत शिकणाऱ्या मुलांना ओळखपत्र पाहून अर्ध्या दरात प्रवेश द्यावा.

– एक रसिक, पुणे