आमच्या बुलेटींचं मिसिंग काढून देणाऱ्यांचे आभार

गुहागर ते देवगड रस्त्याकडेला थांबून आमच्या जुन्या, पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क असलेल्या) बुलेटींचं मिसिंग, म्हणजे इंजिनाचं अडखळणं, काढून दिलंत आणि नाव न सांगताच निघून गेलात, त्या सगळ्या दादा-काकांचे मनापासून आभार.

पहिला मान ‘आधी कार्ब्युरेटर खोलू नका’ असं दटावणाऱ्यांचा. खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे आपल्याकडे संशय आधी करंटवर, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या विजेवर घ्यावा. अंधारात इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरीवर पाण्याचा बारीक फवारा मारला की करंट कुठून गळतोय ते निळ्या ठिणगीवरून दिसतं (हात लांब ठेवा, झटका जबर असतो). प्लगची कॅप पिळून काढायची; आतलं तांबं हिरवं पडलं असेल तर वायरीचं टोक 5-6 मिमी कापून कॅप पुन्हा घट्ट पिळायची. कॉइलचे (करंटचा दाब वाढवणाऱ्या भागाचे) पैसे वाचले तर वाचले!

सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंटची फट 0.35 ते 0.40 मिमी, तीही पॉइंट पूर्ण उघडल्यावर मोजायची, हे फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) हातात देऊन शिकवलंत. पॉइंटवर जाड ठिणगी उडतेय, तोंडं काळी पडतायत, तर कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा भाग) बदला. नुसतं पॉलिश पेपर घासून दोन दिवस निघतात.

आणि टाकीचं झाकण सैल करून बघायला सांगणाऱ्या मावशी, तुम्हाला खास नमस्कार. झाकणाचं हवेचं भोक बुजलं की पेट्रोल नीट उतरत नाही, हे भल्याभल्यांना सुचत नाही.