चार्जिंग मागितले, खुलासा द्यावा लागला

२२ ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारींना टोल माफ झाला, छान झाले. पण गाडी दिवसभर टोलनाक्यावर उभी नसते; ती असते सोसायटीच्या नाहीतर ऑफिसच्या पार्किंगमध्ये, आणि अडते तिथेच. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी जानेवारी २०२२ मध्येच सांगितले होते की, घरच्या किंवा कार्यालयाच्या आहे त्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते. आमच्या सोसायटीची समिती मात्र पार्किंगपर्यंत केबल ओढायला दीड वर्ष 'बघू' म्हणतेय.

मग हिंजवडीतल्या आमच्या कंपनीकडे आशेने पाहिले. तिथे सहा पॉइंट, सहाही साहेब लोकांसाठी राखीव. त्यातल्या दोघांच्या गाड्या डिझेलच्या! हे मी कंपनीच्या अंतर्गत ग्रुपवर फोटोसकट टाकले. शिवी नाही, टोमणाही नाही (बरं, एक होता). पॉइंट मिळाला नाही, शिस्तभंगाबद्दल खुलासा मागणारा ईमेल तासाभरात आला. घटनेच्या कलम १९ मधले भाषणस्वातंत्र्य ऑफिसच्या दारात कुठवर येते, असे वकील मित्राला विचारले. तो म्हणाला, "आधी तो फोटो काढून टाक."

– एक नोकरदार वाचक, वाकड, पुणे