'दमा मुळापासून बरा' असल्या जाहिराती घेऊ नका

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जागतिक दमा दिन असतो, त्या दिवशी आपल्या पेपरात डॉक्टरांचा लेख येतो आणि तो चांगला असतो, पण त्याच अंकात मागे छोट्या जाहिरातींमध्ये "दमा, जुनाट खोकला मुळापासून बरा, एकच कोर्स, पंप कायमचा बंद" अशी चौकट पण असते. एकाच पेपरात ही दोन्ही कशी चालतात हे विचारायला हे पत्र लिहितोय, कारण ती चौकट आमच्या घरात कापून ठेवली गेली, माझ्या मिसेससाठी, आणि ठेवणारी माणसं तिच्यावर जीव असणारीच होती.

मिसेस जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वय चाळिशीच्या पुढे, लहानपणी दमा नाही, माहेरी कुणाला नाही. पावसाळ्यात सगळ्या घराला सर्दी-ताप झाला, बाकीचे बरे झाले आणि हिचा खोकला काही जाईना. दिवसा वर्गात बोलून बोलून ढास लागायची तेवढीच, पण पहाटे तीनच्या सुमारास उठून बसायची, पलंगाच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे वरखाली होतायत आणि छातीतून मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज. कफ सिरप झालं, अँटिबायोटिक झालं, थुंकी तपासली, एक्स-रे काढला, सगळं नॉर्मल. दम्यात एक्स-रे बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, त्यामुळे माणसं "काही नाहीये" म्हणून महिनोन्महिने घरी बसतात. शेवटी कराडला छातीच्या डॉक्टरांनी स्पायरोमेट्री केली, म्हणजे मशीनमध्ये जोरात फुंकायचं, मग पंप देऊन पंधरा-वीस मिनिटांनी परत फुंकायचं, दुसऱ्या वेळी फुंकलेल्या हवेचा आकडा १२ टक्के आणि २०० मिलीच्या वर वाढला की समजायचं श्वासाच्या नळ्या आकसलेल्या होत्या आणि औषधाने उघडल्या. हिचा चांगलाच वाढला. डॉक्टर म्हणाले दमा चाळिशीतच काय साठीत पण सुरू होतो आणि मोठेपणी झालेला सहसा आपोआप जात नाही, पण ताब्यात मात्र नक्की राहतो.

ही ताब्यात राहण्याची गोष्ट घरातल्यांच्या गळी उतरवणं हे औषधापेक्षा अवघड आहे. रिपोर्ट आला त्या आठवड्यापासून सल्ले सुरू. केळं बंद कर, दही बंद कर. कोजागरीला अमुक गावात खिरीतून औषध देतात तिथे ने. मृगाला हैदराबादला जा, जिवंत माशातून औषध देतात, हजारो लोक जातात. मला कुणाच्या श्रद्धेशी भांडायचं नाही, ज्याला जायचं त्याने जावं, पण या प्रत्येक सल्ल्याच्या शेवटी एक वाक्य असतंच, "आणि तो पंप सोड, त्याची सवय लागते". आणि एका जवळच्या बाईंनी तर हिला बाजूला घेऊन सांगितलं की लोकांसमोर पंप काढत जाऊ नको, मुलगी लग्नाची आहे. त्या दिवसानंतर ही शाळेत बाथरूममध्ये जाऊन पंप घ्यायला लागली. दम लागलेली बाई जिना उतरून बाथरूमपर्यंत जाते आणि मग पंप घेते, याचा मला जेवढा राग आला तेवढा आजाराचा पण आला नाही.

सवय लागते म्हणणाऱ्यांसाठी डॉक्टरांनी आम्हाला समजावलं ते जसंच्या तसं सांगतो. दम्यात नळ्यांना आतून सूज असते, नुसतं आकसणं नाही. निळा पंप, सल्ब्युटामॉलचा, आकसलेल्या नळ्या तात्पुरत्या उघडतो, सूज तशीच राहते. सुजेवर औषध म्हणजे रोजचा पंप, त्यात स्टिरॉइड असतं, पण ते मायक्रोग्राममध्ये, एका दाबाला शंभर-दोनशे मायक्रोग्राम, आणि ते बहुतेक काम छातीतच करतं. अटॅक आल्यावर गोळ्या घ्याव्या लागतात त्या ३०-४० मिलिग्रामच्या, आणि १ मिलिग्राम म्हणजे १००० मायक्रोग्राम. म्हणजे जो माणूस स्टिरॉइडला घाबरून रोजचा पंप सोडतो त्याच्यावरच मोठ्या डोसची पाळी येते. दम्यासाठी जगभर ज्या गाइडलाइन वापरतात (जिना म्हणतात त्यांना) त्यात २०१९ पासून स्पष्ट आहे की मोठ्या माणसांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवायचं नाही. आपल्याकडे मात्र अजून मेडिकलमधून तेवढाच पंप आणायचा आणि वर्षं काढायची असं चालतं. २०१९ च्या ग्लोबल बर्डन ऑफ डिसीजच्या (म्हणजे जगभरच्या आजारांची मोजदाद) अंदाजानुसार जगातल्या दम्याच्या पेशंटपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने मरणाऱ्यांपैकी ४२ टक्क्यांच्या आसपास भारतातले. हे वाचून मी रात्रभर झोपलो नाही, खरंच सांगतो.

आता त्या जाहिरातीतल्या पुड्यांबद्दल. त्यावर ना घटक लिहिलेले ना बॅच नंबर, दोन दिवसांत आराम पडतो आणि लोक म्हणतात बघा, जडीबुटी. अशा बिननावाच्या पुड्या तपासल्यावर त्यांत स्टिरॉइडच सापडल्याची प्रकरणं कितीतरी वेळा झाली आहेत, ते पण गोळीवालं, डोस किती ते देणाऱ्यालाच माहीत. मग तोंड सुजतं, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि पुडी एकदम बंद केली की माणूस गळून पडतो. म्हणजे पंपातल्या चिमूटभराला घाबरून माणसं पुडीतलं मूठभर खातात! ड्रग्ज रूल्समध्ये शेड्यूल जे नावाची यादी आहे, जे आजार बरे करतो असा दावा कुठल्याही औषधाने करायचा नाही त्यांची, आणि त्या यादीत ब्रॉन्कियल अस्थमा नाव घेऊन लिहिलेलं आहे. तुमच्या जाहिरात विभागात ही यादी एकदा भिंतीवर लावा एवढीच विनंती.

नवऱ्यांनी, बायकांनी काय करायचं ते पण थोडं लिहितो, कारण लेख सगळे पेशंटसाठी असतात, शेजारी झोपणाऱ्यासाठी कुणी लिहीत नाही. पंप कसा घेते ते शेजारी बसून बघा. हलवायचा, स्पेसरला (पंपाला जोडायचा पोकळ नळकांड्यासारखा डबा) लावायचा, आधी श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, एकदा दाबायचं, सावकाश आत ओढायचा, दहा आकडे रोखायचा, आणि रोजच्या पंपानंतर खळखळून चूळ भरून पाणी टाकायचं नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. स्पेसर नसला तर दाबणं आणि ओढणं एकाच वेळी जमावं लागतं, घाईत ते चुकतं आणि औषध जिभेवरच बसतं, मग माणूस म्हणतो पंपाचा गुण येत नाही. पीक फ्लो मीटर घ्या, म्हणजे फुंकर किती जोरात बसते ते घरीच मोजायचं साधन, फार महाग नाही, सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडा कॅलेंडरवर लिहा. स्वतःच्या चांगल्यात चांगल्या आकड्याच्या ८० टक्क्यांच्या खाली घसरला की डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं औषध वाढवायचं, ५० च्या खाली गेला किंवा एक वाक्य सलग बोलता येईना तर निळा पंप देत देत १०८ ला फोन, तिथे सासू-सासरे, शेजारी कुणाचं ऐकत बसायचं नाही.

आमच्याकडे मच्छरची कॉइल गेली, मच्छरदाणी आली, अगरबत्ती देवघरात न लावता अंगणात तुळशीपाशी. मिरचीची फोडणी मी देतो, ती तोवर बाहेर. आणि घट बसायच्या आधीचं दसऱ्याचं धुणं आणि जळमटं आता मी आणि मुलगी करतो, ती त्या दिवशी माहेरी असते, कारण वाकळा-गोधड्यांमध्ये धुळीतले बारीक किडे असतात आणि झटकले की सगळे हवेत. माझ्या आईला पहिल्या वर्षी ते पटलं नाही, सून घरात नाही आणि मुलगा झाडू मारतोय, पण आता तीच गोधड्या कडक पाण्यात भिजवून ठेवते.

घराबाहेरचं मात्र हातात नाही. आमच्याकडे ऊसतोडी सुरू झाली की फडातलं पाचट पेटवतात, संध्याकाळी गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे काळ्या काजळीने भरतात आणि त्या रात्री हिची छाती वाजते. मी पण शेतकरी आहे, मजूर मिळत नाही, रान लवकर मोकळं करायचं असतं, सगळं मान्य. पण हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं, ते सरीत कुजवलं तर खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटणाऱ्या पिकाला) खत होतं आणि पाणी कमी लागतं, आम्ही गेल्या हंगामात तसंच केलं आणि खोडवा चांगला आला. गावात कचरा पेटवणाऱ्यांना सांगतो, राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली आहे, साध्या जाळण्याला ५,००० रुपये दंड आहे, पण तो कुणाला झाल्याचं आमच्या भागात तरी ऐकलं नाही. आपल्या वार्ताहरांनी यावर एक बातमी करावी.

एक गोष्ट मिसेसनेच मला बजावली, ती बाकीच्यांच्या पण उपयोगाची आहे. मी दर तासाला "कसं वाटतंय, दम लागतोय का" विचारायचो, तेव्हा ती म्हणाली, "मला पेशंट करून ठेवू नका, आकडा कॅलेंडरवर आहे, तो बघा." तेव्हापासून आकडा बघतो. या श्रावणात ती आगाशिवाच्या डोंगरावर पायऱ्या चढून गेली, पंप पर्समध्ये वरच्या कप्प्यात, वर पोचल्यावर माझीच धाप जास्त होती. पंप आता ती स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर घेते आणि तिचं बघून एका मॅडमनी पण आपला पर्समधून बाहेर काढला.

येत्या मे महिन्यात लेख छापाल तेव्हा पंप आणि स्पेसर कसा वापरायचा याचे फोटो घ्या, मोठे घ्या, अर्धं पान लागलं तरी चालेल. त्या चौकटीची जागा तशीही रिकामी होईल.

आपला नेहमीचा वाचक,
कराड तालुका, जि. सातारा